कॉस स्क्वेअर थीटामागचा माणूस : एत्येन-लुई मालुस



आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ऑप्टिकल बेंच पुष्कळांनी पाहिली असेल. एका टोकाला लाल किरणाचा छोटा लेझर, मध्ये अंशांच्या खुणा असलेल्या गोल चकत्यांत बसवलेली दोन पोलरॉइड आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा फोटोडायोड, अशी मांडणी या सत्रात बारावीच्या मुलामुलींनी केली. दुसरे पोलरॉइड दहा-दहा अंशांनी फिरवायचे आणि मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढाच प्रयोग. वह्या माझ्याकडे आल्या तेव्हा एक गंमत दिसली. ९० अंशांसमोर प्रत्येक वहीत शून्य होते. मी बेंचपाशी जाऊन स्वतः चकती फिरवून पाहिली, तर मीटर शून्य दाखवायला तयार नव्हता. थोडा का होईना, आकडा उरतच होता. मुलांनी मीटर वाचलाच नव्हता, पुस्तक वाचले होते!

मी रागावलो नाही, कारण त्या वयात आम्हीही हेच केले आहे. पण त्याच वह्यांत वरती ठळक अक्षरांत मॅलसचा नियम असे लिहिले होते. हा मॅलस कोण, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. पुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळ आणि एक सूत्र येते. त्याचे आयुष्य मात्र त्या सूत्रापेक्षा पुष्कळ मोठे आहे. म्हणून या अंकात त्याच्याविषयी लिहीत आहे.

नावापासूनच सुरुवात करू. आपण मॅलस म्हणतो, हिंदी पुस्तकांत मैलस छापतात. फ्रेंच माणसे जे म्हणतात ते मालुसच्या जवळ जाते. आपणही मालुस म्हणू या.

एत्येन-लुई मालुसचा जन्म २३ जुलै १७७५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील राजाच्या खजिन्याच्या खात्यात अधिकारी होते. शिक्षण घरीच झाले आणि त्यात जुन्या ग्रीक-लॅटिन काव्याचा भरणा अधिक होता. तरुणपणी त्याने शोकांतिका लिहायलाही घेतल्या होत्या. गणितातही तो तितकाच तरबेज होता. १७९३ साली मेझिएर येथील लष्करी अभियंत्यांच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला. पण ते दिवस फ्रेंच राज्यक्रांतीचे होते. राजाच्या नोकरीतल्या माणसाचा मुलगा म्हणजे संशयित. अधिकारीपद हातातोंडाशी आले होते, ते त्या उलथापालथीत गेले आणि हा मुलगा साधा शिपाई म्हणून पलटणीत भरती झाला. त्याला डंकर्कला पाठवले गेले. तिथे किल्लेबंदीसाठी माती खणण्याचे काम चालू होते.

तिथल्या मुख्य अभियंत्याचे नाव लपेर. असे सांगतात की, मजुरीला लावलेल्या शिपायांची एक तुकडी माती फारच पद्धतशीरपणे, कमी श्रमांत हलवते आहे हे त्याच्या नजरेस आले. हे कोणाच्या डोक्यातून निघाले म्हणून चौकशी केली, तेव्हा शिपाई मालुसचे नाव पुढे आले. लपेरने त्याला पॅरिसला पाठवून दिले. १७९४ साली तिथे एक नवी तंत्रशाळा उघडली होती. तीच पुढे एकोल पॉलिटेक्निक म्हणून जगप्रसिद्ध झाली. मालुस तिच्या पहिल्याच तुकडीत होता. मोंजसारखा थोर गणिती त्याला शिकवायला होता आणि त्याने या विद्यार्थ्याला लगेच ओळखले. विश्वस्त मंडळींनी माझे हे वाक्य क्षमा करून वाचावे : शाळेचे नाव इमारतीने होत नाही, पहिल्या दोन-चार तुकड्यांना कोण शिकवतो त्यावर होते.

१७९६ साली मालुस लष्करात अभियंता-अधिकारी झाला आणि पुढच्या वर्षी ऱ्हाईन नदीवरच्या मोहिमेत लढला. फौजेचा मुक्काम जर्मनीतल्या गीसेन या विद्यापीठाच्या गावी पडला. तिथल्या विद्यापीठाचे प्रमुख कोख यांची थोरली मुलगी विल्हेल्मिना हिच्याशी त्याचा विवाह ठरला. तयारी चालू असतानाच हुकूम आला. नेपोलियन पूर्वेकडे निघाला होता. लग्न बाजूला राहिले आणि १७९८ च्या मे महिन्यात तूलाँ बंदरातून निघालेल्या आरमाराबरोबर मालुस इजिप्तला गेला.

नेपोलियनने या स्वारीत तोफांबरोबर विद्वानही नेले होते. कैरोत त्याने एक विद्वत्सभा स्थापन केली आणि मालुस तिच्या गणित विभागाचा सभासद झाला. ऐकायला छान वाटते. पण त्याचे बहुतेक दिवस सभेत गेले नाहीत, छावणीत आणि लढाईत गेले. १७९९ च्या मार्च महिन्यात फ्रेंच फौजेने जाफा शहराला वेढा घालून ते जिंकले. त्यानंतर तिथे जी कत्तल आणि लुटालूट झाली, ती मालुसने डोळ्यांनी पाहिली. तो स्वतः त्याच फौजेतला होता, तरी त्याने आपल्या रोजनिशीत ती लपवली नाही. सन्मानाने घरी परतलेली माणसे अशा गोष्टी सहसा लिहीत नाहीत. ही रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी, १८९२ साली छापली गेली.

कत्तलीपाठोपाठ शहरात प्लेग पसरला. फौज पुढे गेली, पण मालुसला जाफातच ठेवले होते आणि रुग्णालयाची व्यवस्था त्याच्याकडे होती. काही दिवसांतच त्यालाही गाठ आली. त्या काळी प्लेगमधून वाचणे म्हणजे पुनर्जन्मच. आजूबाजूची, ओळखीची माणसे एकामागून एक गेली. मालुस जगला. त्याला जहाजाने दमिएत्ताकडे नेऊन वेगळे ठेवण्यात आले आणि तिथे तो हळूहळू बरा झाला. शरीर मात्र पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही.

इजिप्तमधल्या याच काळात, छावणीत, त्याने प्रकाशावर एक निबंध लिहिला. जवळ ना ग्रंथालय, ना उपकरणे. प्रकाश हा उष्णद्रव्य आणि प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेला पदार्थ आहे, असे त्यात मांडले होते. आज आठवीचा विद्यार्थीही हे चूक म्हणून सांगेल. मला मात्र तो निबंध महत्त्वाचा वाटतो. आजारातून उठलेला, घरापासून इतका दूर असलेला तेवीस-चोवीस वर्षांचा माणूस बसून विचार कशाचा करतो, तर प्रकाश कशाचा बनला आहे याचा.

१८०१ च्या ऑक्टोबरमध्ये तो फ्रान्सला परतला. विल्हेल्मिना थांबली होती. चार वर्षे! त्याने गीसेनला जाऊन तिच्याशी लग्न केले. मग सरकारी नोकरीतल्या बदल्या सुरू झाल्या. लील, अँटवर्प, स्ट्रासबुर्ग, जिथे किल्ले तिथे मालुस. दिवसा तटबंदीचे नकाशे आणि रात्री प्रकाशाचे गणित असा त्याचा क्रम होता. १८०७ साली त्याने किरणांच्या भूमितीवरचा मोठा प्रबंध पॅरिसच्या विज्ञान संस्थेपुढे ठेवला आणि लाग्रांज, लाप्लास यांच्यासारख्या परीक्षकांनी त्याची वाखाणणी केली.

आता आपण बेंचच्या जवळ येत आहोत. आइसलँड स्पार नावाचा एक पारदर्शक स्फटिक असतो. कॅल्साइटचाच तो शुद्ध प्रकार. छापील कागदावर तो ठेवला तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. आत शिरलेल्या किरणाचे दोन किरण होतात, यालाच दुहेरी अपवर्तन म्हणतात. १६६९ साली बार्थोलिन नावाच्या डॅनिश विद्वानाने याचे वर्णन केले होते. १६९० साली हॉलंडच्या हायगेन्सने प्रकाश ही लहर आहे असे मानून त्या दोन किरणांच्या वाटा काढण्याची एक भौमितिक रीत दिली. पण तेव्हापासून न्यूटनचा दबदबा असा की प्रकाश कणांचा आहे हेच बहुतेक मानत आणि हायगेन्सची रीत अडगळीत पडली होती. १८०८ च्या जानेवारीत पॅरिसच्या संस्थेने बक्षीस जाहीर केले. दुहेरी अपवर्तनाचा गणिती सिद्धान्त द्यावा आणि तो प्रयोगाने पडताळून दाखवावा.

मालुस स्वतः कणवादी होता आणि बक्षीस ठेवणाऱ्यांतला लाप्लासही कणवादी. मालुसने एका तांब्याच्या पट्टीवर लांबट त्रिकोण कोरला आणि त्याच्या बाजूंवर बारीक मापे आखली. त्यावर स्फटिक ठेवला की त्रिकोण दोन दिसत. एकाची बाजू दुसऱ्याच्या बाजूला कुठे छेदते ते अंशदर्शक वर्तुळ असलेल्या दुर्बिणीतून वाचायचे, म्हणजे दोन किरणांत किती अंतर पडले ते कळते. निरनिराळ्या दिशांनी कापलेले स्फटिक, निरनिराळे कोन आणि पुन्हा पुन्हा मोजणी. मालुसची ऑप्टिकल बेंच ती हीच. आकडे शेवटी कोणाच्या बाजूने पडले? हायगेन्सच्या. लहरवाल्याची रीत कणवाल्याच्या मोजणीत बरोबर ठरली आणि मालुसने तसे स्पष्ट लिहून दिले. १८१० च्या जानेवारीत बक्षीस त्यालाच मिळाले.

पण त्याचे नाव ज्यामुळे राहिले ती गोष्ट या मोजणीच्या मधल्या दिवसांत, १८०८ सालीच घडली. तो तेव्हा पॅरिसमध्ये रू द'आंफेर या रस्त्यावर राहत होता. समोर लक्झेंबर्ग राजवाडा. एका संध्याकाळी मावळत्या सूर्याचे प्रतिबिंब राजवाड्याच्या खिडक्यांच्या काचांत चमकत होते. हातात स्फटिक होताच, त्याने तो डोळ्यापुढे धरून त्या प्रतिबिंबाकडे पाहिले. दोन सूर्य दिसायला हवे होते. स्फटिक फिरवता फिरवता एक प्रतिमा मंदावत गेली आणि एका ठिकाणी एकच उरली. आणखी फिरवला, तर गेलेली परत आली आणि असलेली विझू लागली.

आपल्यापैकी कोणी असते तर स्फटिक खराब आहे म्हणून बाजूला ठेवला असता. मालुसला आधी वाटले की सूर्यप्रकाश हवेतून येताना काही बदल होत असेल. हे तपासायचे तर सूर्यच नको. म्हणून त्याच रात्री त्याने मेणबत्ती लावली, तिचे प्रतिबिंब पाण्यात आणि काचेत पाडले आणि तेच पुन्हा स्फटिकातून पाहिले. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३६-३७ अंशांचा आणि काचेशी सुमारे ३५ अंशांचा कोन केला की तोच प्रकार! हवेचा काही संबंध नव्हता. परावर्तनानेच प्रकाशात काहीतरी बदलत होते.

दोन स्फटिक एकामागे एक धरले की प्रतिमा उजळतात आणि विझतात, हे हायगेन्सलाही दिसले होते. पण तो त्या विशिष्ट स्फटिकाचा चमत्कार असे सारे समजत. खिडकीची काच आणि बादलीतले पाणीही तेच करते, हे मालुसने दाखवले. १२ डिसेंबर १८०८ रोजी त्याने हे संस्थेपुढे वाचले.

यातूनच आपल्या वहीतला नियम आला. एका स्फटिकातून निघालेला किरण दुसऱ्या स्फटिकात गेला की त्याचे दोन वाटे होतात. एक वाटा कोनाच्या कॉस स्क्वेअरइतका आणि दुसरा साइन स्क्वेअरइतका. शून्य अंशांवर एक प्रतिमा पूर्ण आणि दुसरी नाही, ९० वर उलट, ४५ वर दोन्ही सारख्या. शिवाय दोन्ही वाट्यांची बेरीज प्रत्येक कोनावर एकच येते, म्हणजे प्रकाश कुठे हरवत नाही. स्क्वेअर न करता नुसते कॉस आणि साइन घेतले तर ४५ अंशांवर बेरीज एकाऐवजी १.४१ होते, हे वहीत करून पाहा. पण मालुसजवळ डोळा होता, मीटर नव्हता. उजेडाचा आकडा त्याला वाचता येत नव्हता. उजेड मोजून या नियमाची पडताळणी त्याचा मित्र आरागो याने पुढे केली. जे मालुसला मोजता आले नाही ते आपल्याकडच्या सतरा वर्षांच्या मुलांच्या बेंचवर मोजता येते, म्हणूनच त्या वह्यांतले शून्य मला जास्त टोचले.

मुलांनो, ९० अंशांवर आकडा का उरतो ते आपण नंतर शोधले. आधी लेझरपुढे काळा पुठ्ठा धरला, तरीही मीटर थोडा हललेलाच होता. तो खिडकीतला उजेड. तेवढा आकडा प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. तो वजा करूनही किंचित उरले, कारण आपली पोलरॉइड काही आदर्श नव्हेत. दुसरी गोष्ट वरच्या टोकाला सापडली. ०, १० आणि २० अंशांवर बहुतेकांचे आकडे सारखेच होते, आणि हे तरी वह्यांत खरे लिहिले होते. २० अंशांवर तो ८८ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवा. फोटोडायोडवर इतका तेज किरण पडत होता की त्याची मोजण्याची क्षमताच भरून गेली होती. लेझरपुढे एक धुरकट काच लावली आणि आलेख वळला : ३० वर ७५ टक्क्यांच्या जवळ, ४५ वर निम्मा, ६० वर पाव. तिसरी गोष्ट म्हणजे काहींनी लेझर लावताच मोजायला सुरुवात केली होती. त्याला तापून स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. लेझरचा किरण बहुधा आधीच ध्रुवित असतो. म्हणून पहिले पोलरॉइड सर्वांत जास्त उजेड देईल असे लावून पक्के करावे, मग फक्त दुसरे फिरवावे. किरण बेंचला समांतर आहे की नाही हे कागद जवळ आणि लांब धरून पाहावे. वाकून डोळ्याने कदापि पाहू नये.

ध्रुवित हा शब्द आलाच आहे तर एक सांगतो. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. ध्रुवण हा शब्द तेव्हा पाठ केला, पण यात ध्रुव कुठून आला हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तो मालुसकडून आला. प्रकाशाच्या कणांना चुंबकासारखे ध्रुव असतात आणि परावर्तनाने ते सारे एका दिशेला वळतात, अशी त्याची कल्पना होती. म्हणून १८११ साली त्याने पोलरायझेशन हा शब्द योजला. कल्पना चुकीची निघाली. प्रकाशाला तसे ध्रुव नसतात. पण शब्द राहिला, त्याचे भाषांतरही झाले आणि आपण इकडे अजून ध्रुव म्हणत आहोत.

इंग्लंडमध्ये थॉमस यंग तेव्हा लहरींचा सिद्धान्त मांडत होता आणि मालुसच्या शोधाने तोही अडचणीत आला. ध्वनीसारखी पुढे-मागे हलणारी लहर बाजू बदलली म्हणून विझेल कशी? यंगने ही अडचण मोकळेपणाने मान्य केली. इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध ऐन भरात होते, तरी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८१० सालचे रमफर्ड पदक मालुसला दिले आणि ते कळवणारे पत्र यंगनेच लिहिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या संस्थेने मालुसला सभासद करून घेतले.

सगळेच त्याला साधले असे नाही. कोणत्या पदार्थासाठी कोणता कोन लागतो, याचा नियम त्याने शोधला, पण त्याच्या काचांचे पृष्ठभाग निर्मळ नव्हते आणि आकडे जुळेनात. तो नियम १८१५ साली स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने दिला.

तोपर्यंत मालुस राहिला नव्हता. इजिप्तमध्ये खचलेल्या शरीराला क्षयाने गाठले. विल्हेल्मिनाने त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली. २४ फेब्रुवारी १८१२ रोजी तो गेला, तेव्हा त्याचे वय ३६ होते. ध्रुवणाच्या शोधाला सव्वातीन वर्षेही झाली नव्हती. पुढच्या वर्षी विल्हेल्मिनाही गेली. मालुसचे चरित्र आरागोने लिहिले. पुढे पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्यावर ज्या ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरली, त्यांत मालुसचे आहे.

आणि यंगची अडचण? १८२१ साली फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दाखवले की प्रकाशाची लहर पुढे-मागे हलत नाही, चालण्याच्या दिशेला आडवी हलते. आडव्या हलण्याला दिशा असते, म्हणूनच ती अडवता येते. गंमत म्हणजे मालुसच्या कणांचे ध्रुव गेले, तरी त्याचा कॉस स्क्वेअर या लहरींतून जसाच्या तसा निघाला.

प्रयोगशाळेला काळे पडदे लागले की ही मोजणी पुन्हा नव्याने करायची आहे. जुन्या वह्यांतली ९० अंशांची ओळ मी कोरी करून परत दिली आहे. तोपर्यंत घरी हे करून पाहता येईल. पोलरॉइडचा चष्मा असेल तर दुपारी जमिनीवर सांडलेल्या पाण्यातले आकाशाचे प्रतिबिंब त्यातून तिरपे पाहा आणि चष्मा हळूहळू फिरवा. चमक विझेल, पाण्याखालची फरशी दिसेल. सूर्याकडे किंवा त्याच्या प्रतिबिंबाकडे मात्र थेट पाहायचे नाही, मालुसने पाहिले असले तरी.